पहिला कप कुणापुढे

"खाली धरा. अजून खाली. छातीशी धरलंत तर पाहुण्यांना वाटेल तुम्ही पत्ते खेळताय."

चहाच्या खोलीतल्या कपाटाच्या काचेत बघत किदा व्हिजिटिंग कार्ड पुढे करायची तालीम करत होता, आणि त्सुजीबाई कप विसळता विसळता त्याला सुधारत होत्या.

"असं?"

"हं. आता वाका. अहो, कमरेतून! मानेतून वाकतं ते बदक."

किदा कमरेतून वाकला आणि त्याचं डोकं कपाटाच्या कडीवर आपटलं. त्सुजीबाईंनी हसू न लपवता ओला फडका त्याच्या हातात दिला. "दाबून धरा. पाहुण्यांसमोर टेंगूळ नको."

किदा अठ्ठावीस वर्षांचा, गुणी आणि थोडा भाबडा मुलगा. साबाए गावातल्या इशिगुरो कारखान्यात येऊन त्याला चार वर्षं झाली होती. तांदळाच्या कणीहून बारीक असे चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू तिथे बनत, आणि ते देशभरच्या कानांवर जाऊन बसत. विक्री विभागाचा प्रमुख मार्चअखेर निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी किदाचं नाव जवळजवळ पक्कं होतं. तो आठवा प्रमुख. त्सुजीबाईंच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत सात होऊन गेले. त्यातल्या सहांना काम त्यांनीच शिकवलं. एकाला काही केल्या शिकता येईना, तेव्हा कारखान्याने त्याला आणखी बढती देऊन वर बसवलं. तेच हल्लीचे ओकुमुरासाहेब.

कारखान्यात नोकरांच्या दोन याद्या होत्या. पहिल्या यादीतले शिडी चढायचे, दुसऱ्या यादीतल्या शिडी धरायच्या. पहिलीत झाडून सगळे पुरुष आणि दुसरीत झाडून सगळ्या बायका होत्या. हा निव्वळ योगायोग आहे, असं कारखान्याचं लेखी म्हणणं होतं. दुसरीतून पहिलीत जायची वाटही ठेवली होती: साहेबांची शिफारस घ्या आणि वयाची पन्नाशी गाठायच्या आत अर्ज करा. त्सुजीबाईंनी तीनदा केला. पहिल्यांदा साहेब म्हणाले, "मुलं लहान आहेत तुमची." दुसऱ्यांदा म्हणाले, "सासूबाई अंथरुणावर आहेत ना?" यंदा मुलं नोकरीनिमित्त बाहेरगावी होती आणि सासूबाई देवाघरी, तेव्हा साहेब म्हणाले, "आता या वयात कशाला दगदग?" आणि अर्ज खणात टाकला. त्सुजीबाईंना मेमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हा खण उघडला तर उघडला, नाहीतर आयुष्यभर शिडीच धरायची.

"याला वाकायला शिकवतेस?" हिशेब खात्यातल्या होशिबाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्रेपन्न वर्षांच्या, आणि जिभेला धार अशी की त्यांच्यासमोर लोक पेन्सिली लपवत. "शिकव, शिकव. उद्या तुझ्याच डोक्यावर बसायचंय त्याला."

किदा कानापर्यंत लाल झाला. "होशिबाबाई, मी काय मागितली नाही हो ती जागा."

"तेच तर म्हणते मी! न मागता मिळते, आणि मागणारीला चहा गाळायला लावतात."

"गप गं," त्सुजीबाई म्हणाल्या. "किदा, तुम्ही स्टेशनवर निघा. बर्फ पडतंय, गाडी हळू घ्या."

तेवढ्यात ओकुमुरासाहेब डोकावले. हातात ओसाकाहून आलेला फॅक्स होता. ओसाकाची ही चष्म्यांची कंपनी कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तिच्या नव्या फ्रेमचं काम मिळणार की नाही ते आज ठरायचं होतं. "तीन नंबरच्या खोलीत चहा. विभागप्रमुख कात्सुरागी येताहेत, सोबत एक सहकारी. मोठे साहेब आहेत, चांगले झाकणाचे कप काढा."

"साहेब, कात्सुरागी म्हणजे माझ्याशी रोज फोनवर ज्या..."

"हो हो हो," साहेब म्हणाले, आणि हा शेवटचा 'हो' जिन्यावरून ऐकू आला. त्यांच्या 'हो'चा साधा नियम होता. एक 'हो' म्हणजे ऐकलं, दोन म्हणजे अर्धं ऐकलं, आणि तीन म्हणजे माणूस खोलीत आहे हेच ध्यानात नाही.

कात्सुरागी आणि त्सुजीबाई अकरा वर्षं फोनवर बोलत होत्या. ओसाकाच्या टोकाला कात्सुरागीबाई ऑर्डर देत, साबाएच्या टोकाला त्सुजीबाई त्या घेत, आणि दोन्ही कंपन्यांचे साहेब वर्षातून एकदा एकत्र जेवून हे सगळं आपण घडवून आणतो असं समजत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पण कात्सुरागीबाईंची लेक गणितात नापास झाली ते त्सुजीबाईंना माहीत होतं, आणि हिवाळ्यात त्सुजीबाई शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून बसल्या की पातळ योकानचा, म्हणजे लाल चवळीच्या गोड वड्यांचा, अख्खा डबा एकट्या संपवतात हे कात्सुरागीबाईंना. महिन्यापूर्वी फोन आला होता: "बाई, मला प्रमुख केलंय. बावीस वर्षांनी. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि मग एक केक खाल्ला."

पाहुणे चाळीस मिनिटं आधीच आले. बर्फामुळे गाड्या उशिरा धावतील म्हणून ते आधीच्या गाडीने निघाले, आणि ती गाडी नेमकी वेळेवर पोचली. टॅक्सी करून ते दाराशी उभे. किदा तिकडे स्टेशनवर, हातात 'कात्सुरागी साहेब' असा फलक धरून, पुढच्या गाडीची वाट बघत.

ओकुमुरासाहेब एकटेच धावत खाली गेले. समोर दोघं: एक उंच पुरुष, करडा लांब कोट, कानशिलं रुबाबदार पांढरी, आणि त्याच्या बाजूला एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई, हातात मोठी पिशवी. साहेबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. थेट कोटापुढे वाकले.

कार्डांची देवाणघेवाण झाली. पण चष्म्याच्या गावात राहून, चष्म्याच्या स्क्रूंवर जगून, ओकुमुरासाहेब स्वतः जवळचा चष्मा लावत नसत. वय दिसतं म्हणे. त्यामुळे दोन्ही कार्डं त्यांनी दोन्ही हातांत भक्तिभावाने घेतली, कौतुकाने न्याहाळली आणि एक अक्षर न वाचता टेबलावर मांडली.

त्सुजीबाई ट्रे घेऊन दाराशी आल्या तेव्हा आत रंग भरला होता. भिंतीवरच्या चित्राखाली, दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या खुर्चीवर, तो उंच माणूस अवघडून बसला होता. साहेब त्याला साबाएची हवा समजावत होते. तो अधूनमधून अर्धवट उठत, "साहेब, मला जरा..." म्हणे, की साहेब, "बसा हो, बसा, आपलंच घर समजा!" आणि बाई दाराजवळच्या, सगळ्यात कमी मानाच्या खुर्चीवर बसून गालातल्या गालात हसत होती.

ट्रेला वाट द्यायला तिने पिशवी सरकवली आणि हळूच म्हणाली, "सांभाळून हं, पट्टा आहे पायात."

त्सुजीबाईंचे पाय जागीच थबकले. हा आवाज! बर्फात, तापात, सणात, रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी ऐकलेला!

एका नजरेत सगळा घोळ त्यांच्या ध्यानात आला. ज्यांच्या सहीवर कारखान्याचं पुढचं वर्ष अवलंबून, त्या बाईला साहेबांनी दाराशी बसवलं होतं आणि दुसऱ्याच कुणाला गादीवर. साहेबांना पाहुण्यांदेखत चूक दाखवायची, तर तो अर्ज खणातून थेट केराच्या टोपलीत जाणार. गप्प बसायचं, तर कारखान्याची लाज जाणार, आणि अकरा वर्षांच्या मैत्रिणीला आपल्याच हाताने दुसरा कप द्यायचा.

तोंडाने बोलायची सोय नव्हती. पण चहाचीही एक भाषा असते, आणि ती खोलीतल्या सगळ्यांना लहानपणापासून येत होती: पहिला कप ज्याच्यापुढे, मान त्याचा. एकतीस वर्षं त्सुजीबाईंचा पहिला कप चित्राखालच्या खुर्चीपुढे गेला होता. एकदाही चुकला नव्हता.

त्या वळल्या. दाराजवळच्या खुर्चीच्या उजव्या अंगाने वाकल्या, कमरेतून, आणि झाकणाचा पहिला कप बशीसकट, कपावरचं फूल पाहुणीकडे येईल असा, त्या बाईंपुढे ठेवला.

साबाएची हवा अर्धवट राहिली.

बाईंनी वर बघितलं. "तुम्ही त्सुजीबाई."

"आणि आपण कात्सुरागीबाई."

"मला वाटायचं तुम्ही उंच असाल."

"मला वाटायचं आपण बारीक असाल."

कात्सुरागीबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की कपावरची झाकणं खुळखुळली. मग त्या उठल्या आणि दोघी एकमेकींना वाकल्या. एकीने सरळ व्हावं तर दुसरी अजून वाकलेली, म्हणून पहिली पुन्हा वाके. हे चार-पाच वेळा चाललं.

ओकुमुरासाहेबांनी टेबलावरचं कार्ड उचललं आणि लांब धरलं. अजून लांब. शेवटी हात संपला, तरी अक्षरं लागेनात. उंच माणूस आता पूर्ण उभा राहिला. "साहेब, मी मघापासून सांगायला बघतोय. मी नागासे. दोन वर्षं झालीत मला नोकरीत. केस लवकर पिकलेत, आमच्याकडे सगळ्यांचेच पिकतात."

साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग दोन्हीच्या मधला झाला. ते असे वाकले की टेबलाला कपाळ लागायचंच बाकी राहिलं.

"राहू द्या, साहेब," कात्सुरागीबाई म्हणाल्या. "मला सवय आहे. प्रमुख झाल्यापासून हा नववा कारखाना. एका ठिकाणी तर मला याचा कोट सांभाळायला दिला होता. मीही मुद्दाम बोलत नाही. किती वेळात कुणाच्या लक्षात येतं ते बघते. आजवर सगळ्यात लवकर म्हणजे पंचवीस मिनिटं. इथे..." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अकरा. आणि तेही चहावालीच्या."

खुर्च्यांची अदलाबदल चालू असतानाच किदा आत आला. खांद्यावर बर्फ, काखेत तो फलक. पाहुणे पोचले एवढाच निरोप त्याला स्टेशनवर मिळाला होता; इथल्या घोळाचं काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याने कपांकडे पाहिलं, पहिला कप कुणाचा ते ओळखलं आणि सरळ जाऊन कात्सुरागीबाईंसमोर कार्ड धरलं. खाली, कमरेतून वाकून. त्सुजीबाईंची छाती किंचित फुगली.

मग कामाचं बोलणं निघालं. कात्सुरागीबाईंनी पिशवीतून नवी फ्रेम काढली, माशाच्या काट्याएवढी नाजूक. "हिचा स्क्रू सैल पडतो. आट्यांवर लेप द्यायचा की आटेच बदलायचे? तुमचं काय म्हणणं?"

साहेबांनी किदाकडे पाहिलं. किदाने तोंड उघडलं, आणि चार वर्षांच्या सवयीने मान त्सुजीबाईंकडे वळवली. त्याच्यामागोमाग साहेबांचीही वळली. तीसुद्धा जुनीच सवय, ते जेव्हा शिकत होते तेव्हाची. ट्रे छातीशी धरून त्सुजीबाई दाराशी उभ्या.

"सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा ना," कात्सुरागीबाई म्हणाल्या. "सगळे तुमच्याकडेच बघताहेत."

"सैल पडल्याच्या तक्रारी मी लिहून ठेवते. मागच्या वर्षी बावीस आल्या. त्यातल्या सतरा होक्काइदोच्या. तिकडे माणूस कडाक्याच्या थंडीतून आत येऊन शेगडीशेजारी बसतो, दिवसातून दहादा. धातू आखडतो, फुगतो, स्क्रू ढिला होतो. सगळ्यांसाठी आटे बदलून खर्च कशाला वाढवायचा? उत्तरेला जाणाऱ्या मालाला तेवढा लेप द्या."

नागासे भराभरा लिहून घेत होता. कात्सुरागीबाई फ्रेमशी खेळत म्हणाल्या, "एप्रिलपासून हे काम तुमच्याकडून कोण बघणार?"

"किदा," साहेब पटकन म्हणाले. "हे प्रमुख होताहेत."

"आणि त्सुजीबाई?"

"त्या मदतीला आहेत. कायमच्या."

"बरं. मग त्यांचं कार्ड तेवढं द्या मला. अकरा वर्षं नंबर पाठ आहे, पण कार्ड नाही."

दुसऱ्या यादीतल्या कुणालाच कार्ड नसे. हे साहेबांना माहीत होतं, त्सुजीबाईंना माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघता कात्सुरागीबाईंनाही चांगलं माहीत होतं. बावीस वर्षं त्यांनाही नव्हतं. पण गिऱ्हाइकाने कार्ड मागावं आणि आपण 'नाही' म्हणावं? तसं म्हणायला साहेबांची जीभ उचलेना.

"छापायला टाकलंय," ते म्हणाले.

"अरे वा. हुद्दा काय छापताय?"

बाहेर छपरावरचं बर्फ धप्पकन घसरून पडलं. साहेबांनी किदाकडे पाहिलं. किदा छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी टेबलावरच्या फ्रेमकडे पाहिलं, कात्सुरागीबाईंच्या हातातल्या बंद पेनाकडे पाहिलं.

"प्रमुख," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला. "विक्री विभाग. म्हणजे, एप्रिलपासून."

"मग किदा?"

"मदतीला," किदाच म्हणाला, छतावरची नजर न काढता. "कायमचा नको, सध्या."

कात्सुरागीबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

गिऱ्हाइकासमोर उच्चारलेला शब्द परत घ्यायची रीत त्या गावात नव्हती. मनात नसताना तोंडून गेला होता, तरी नाही. पाहुण्यांची टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत साहेब बर्फात वाकून उभे राहिले, मग वर गेले आणि खण उघडला. अर्ज बराच खाली गेला होता. वर तीन वर्षांच्या दिनदर्शिका, एक मोजा आणि न वापरलेला जवळचा चष्मा. तो त्यांनी लावला, अर्ज पहिल्यांदाच वाचला आणि शिक्का मारला.

"पगाराचं मात्र पुढच्या वर्षी बघू," ते त्सुजीबाईंना म्हणाले.

"हो," त्सुजीबाई म्हणाल्या. फक्त एकदा. "मेमध्ये आठवण करते. मग जूनमध्ये. मग दर महिन्याला."

चहाच्या खोलीत होशिबाबाईंनी सगळा प्रसंग तीनदा सांगायला लावला, आणि 'हुद्दा काय छापताय'पाशी प्रत्येक वेळी टेबलावर थाप मारली. मग बराच वेळ कप पुसत राहिल्या. "माझी पन्नाशी तीन वर्षांपूर्वीच झाली," त्या म्हणाल्या. "नाहीतर मीही टाकला असता एक कागद."

"ती पन्नाशीची अट कुणी घातली ते आधी बघते. कागद तू लिहून ठेव."

"आत्ताच साहेबीणबाईंसारखं बोलायला लागलीस!"

"किदा, तुमच्या आईला काय सांगणार?" त्सुजीबाईंनी विचारलं. किदा दाराशी घुटमळत होता.

"थोडं रडेल. मग शेजाऱ्यांना सांगेल की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला नेमलं. बाई आहे हे नाही सांगणार." तो हसला. "खरं सांगू? मी आज पंधरा दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवणार आहे."

घरी नवरा, शिगेओ, दुसऱ्या एका कारखान्यात फ्रेमांना पॉलिश करणारा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा, मुळ्याचा कीस घातलेल्या सोबा शेवया खाता खाता थांबला. "मग आता घरात प्रमुख कोण?"

"तेही मीच. तिथे अर्ज लागला नव्हता."

शिगेओने आपल्या वाट्याचा मुळा बायकोच्या वाडग्यात सरकवला. एवढं त्याचं अभिनंदन.

एक एप्रिल. दुसऱ्या यादीतल्या बायका कामावर गडद निळं जाकीट घालत आणि बाजूच्या दाराने आत येत, कारण कपडे बदलायची खोली तिकडे होती. पहिल्या यादीतले आपापल्या कपड्यांत पुढच्या दाराने येत. त्सुजीबाईंनी आदल्या रविवारी केस कापून घेतले होते आणि पिकल्या पर्सिमन फळासारख्या केशरी रंगाचा कोट घेतला होता. किंमत शिगेओला अर्धीच सांगितली.

पुढच्या दाराशी पहारेकरी होता. त्या बाजूच्या दाराकडे वळत तेव्हा तो गेली दोन वर्षं रोज त्यांना लांबून मान लववत आला होता, पण त्याच्या ओळखीचं ते जाकीट होतं, बाई नव्हती. त्याने अदबीने पाहुण्यांची वही पुढे केली. "नाव लिहा, ताई. आणि कुणाला भेटायचंय ते."

त्सुजीबाईंनी खुलासा करायला तोंड उघडलं, घड्याळ पाहिलं आणि मिटलं. कामाची वेळ व्हायला अजून आठ मिनिटं होती. पेन घेऊन त्यांनी सुरेख अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. शेजारच्या रकान्यात लिहिलं: त्सुजी, प्रमुख, विक्री विभाग.

पहारेकऱ्याने दुसरा रकाना तेवढा वाचला आणि फोन उचलला. "विक्री विभाग? तुमच्या प्रमुखबाईंना भेटायला एक पाहुण्या आल्यात." पलीकडून किदाचा आवाज पुसट ऐकू आला. पहारेकऱ्याने मान डोलावली, फोन ठेवला.

"अजून आल्या नाहीत म्हणतात. पण अगदी वेळेच्या पक्क्या आहेत म्हणे, येतीलच एवढ्यात. बसा ना."

पाहुण्यांचा सोफा खिडकीपाशी होता, उन्हात. त्सुजीबाई बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पाठ टेकली. एकतीस वर्षं येताजाता दिसायचा, त्याहून तो मऊ निघाला.